माझ्या नावाची हजेरी

गुरुजींनी माझं नाव घेतलं, आणि आतून दुसरीच पोर म्हणाली, "हजर."

मी खिडकीच्या बाहेर उभी होते. डोक्यावर पातेऱ्याचा हारा, ही मोठी टोपली, केसांत वाळकी पानं, पाय गुडघ्यापर्यंत लाल मातीने भरलेले. आत तिसरीच्या रांगेत सगळ्यांत पुढे आप्पा खोतांची नात मीना उभी. दोन वेण्या, लाल रिबिनी, पायात मोजे. नाव मात्र माझं. नुसतं माझं नाही, माझ्या बापाचं नाव, आडनाव, सगळंच्या सगळं. एवढंसं नाव ते, तेही तिने घातलं अंगात.

तपासणीचे साहेब खुर्चीत बसले होते. त्यांच्यासमोर कोकम सरबताचा पेला. ते म्हणाले, "वाच बघू बाळ, मोराची कविता."

मीनाने वाचली. खाडखाड वाचली. कुठे अडखळली नाही, कुठे आवंढा गिळला नाही. साहेब खूश झाले. शेजारी बसलेल्या आप्पांकडे वळून म्हणाले, "कोण म्हणतं खालच्या वाडीतली मुलं मागे आहेत? ही बघा. शाब्बास!"

आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या नावाच्या डोक्यावर. मग विचारलं, "घरी अभ्यास कोण घेतं तुझा?"

"आई," मीना म्हणाली.

माझी आय त्या वेळी त्याच आप्पांच्या बागेत आंब्याच्या कलमांच्या मुळांशी शेणाच्या पाट्या रिकाम्या करत होती.

आतल्या एका पोराला मी दिसले. त्याने दुसऱ्याला कोपर मारलं. दोघं तोंडावर हात धरून हसायला लागले. गुरुजींनी मान वळवली आणि त्यांनीही मला बघितलं. ते सावकाश उठले, खिडकीशी आले, तोंडातलं पान थुंकायला आल्यासारखे. माझ्या पायाशी पिंक टाकली आणि ओठ न हलवता म्हणाले, "जा. निघ. दिसू नकोस."

दिसू नकोस. माझ्याच शाळेत, माझंच नाव घेतल्यावर.

आता कसं चालायचं ते सांगते. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. रत्नागिरीहून यष्टीने आत, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. शाळा जिल्हा परिषदेची. जांभ्या दगडाची एक जुनी खोली, पुढे पडवी. चार इयत्ता आणि एक गुरुजी. वरच्या वाड्यांतली पोरं खोलीत बसायची, खालच्या वाडीतली पडवीत. खालची वाडी म्हणजे आम्ही. आमच्या जातीचं नाव कागदावर कधीच बदललं होतं, गावाच्या तोंडातून मात्र गेलं नव्हतं. पडवीत आमचा पाण्याचा माठही वेगळा होता. आम्हाला आत का घेत नाहीत असं कोणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं. जागा नाही.

आणि जागा नव्हती हे खरंही होतं. म्हणूनच वरून दुसरी खोली मंजूर झाली. कशाच्या जोरावर? आमच्या. खालच्या वाडीत एवढी पोरं आहेत, मागासलेली आहेत, त्यांच्यासाठी खोली पाहिजे आणि आणखी एक मास्तर पाहिजे, असं आप्पा खोतांनी शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून लिहून दिलं. खोतकी कायद्याने गेली होती म्हणे. गेली असेल. कलमांची बाग राहिली, जीप राहिली, आणि समितीची खुर्चीही राहिली.

खोली झाली. चांगली चिऱ्यांची, वर मंगलोरी कौलं, सिमेंटची जमीन. ज्या दिवशी पूर्ण झाली त्या दिवशी दाराला कुलूप लागलं आणि किल्ली आप्पांच्या जानव्याला गेली. आत काय? हंगामात आंब्याच्या पेट्या आणि पेंढा. हंगाम संपला की खताच्या गोणी. दाराला नाक लावलं की पिकत्या आंब्याचा वास यायचा. आम्ही पोरं नाक लावायचो पण. आमच्या शाळेचा वास आम्हाला एवढाच माहीत.

आणि दुसरे मास्तर? ते होते आप्पांचे पुतणे. राहायचे रत्नागिरीत. पगाराच्या सुमारास दिसायचे.

आता ज्या डोक्यांच्या नावाने पैसा येतो ती डोकी साहेबांना दाखवायला नकोत का? दाखवायला पाहिजेत, आणि त्यांना वाचताही आलं पाहिजे. आमची डोकी काही कामाची नव्हती. पडवीत बसून आम्ही शिकलो ते झाडू मारायला, विहिरीवरून पाणी भरायला आणि आप्पांची गुरं राखायला. फळा आतल्या भिंतीवर. दारातून त्याची एक कड दिसायची. म्हणून मग आप्पा शहरातल्या नातेवाइकांची पोरं जीपमध्ये घालून आणायचे. मोठ्या शाळांतली, तरतरीत. आणि ती आमच्या नावांवर बसायची.

त्या दिवशी सकाळी गुरुजी पडवीत यायचे आणि एकच शब्द बोलायचे. "पातेरा." म्हणजे आम्ही सगळ्यांनी आप्पांच्या बागेत जायचं आणि दिवसभर वाळकी पानं गोळा करायची, भाताची जमीन भाजायला. तपासणी असं कोणी म्हणायचंच नाही. पातेरा. आणि खरं सांगू? आम्हाला आनंद व्हायचा. शाळा नाही, दिवसभर उनाडायचं, काजूची बोंडं खायची. आमचीच चोरी चाललेली आणि आम्ही उड्या मारत निघालोय. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

त्या वर्षी मला साहेब बघायचा होता, एवढंच. साहेब म्हणजे नेमकं असतं काय, ते. म्हणून मी हारा घेऊन मागच्या पायवाटेने शाळेकडे आले आणि खिडकीशी उभी राहिले.

परत जाताना बागेच्या बेड्याशी, म्हणजे बांबूच्या फाटकाशी, आप्पांचा मुकादम उभा होता. बागेत आमच्या सगळ्यांचं काम त्याच्या हातात. त्याने मला थांबवलं.

"काय बघितलंस गो?"

"काय नाय."

"असंच म्हणायचा. मोठी झालीस तरी असंच."

आणि त्याने हातातला एक आंबा मला दिला. त्या बागेतला पहिला आंबा माझ्या वाट्याला तो. मी खाल्ला. गोड होता. मेला इतका गोड होता, त्याचाच राग येतो अजून.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आयने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला आणि आधी दाराबाहेर कोण आहे ते बघितलं. बा चुलीजवळ बसला होता. त्याने चुलीत लाकूड सारलं. त्याला आश्चर्यच वाटलं नाही, आणि तेच मला लागलं. त्यांना माहीत होतं. सगळ्या वाडीला माहीत होतं.

आक्का मात्र उठून माझ्याजवळ आली. माझी थोरली बहीण. काजूच्या कारखान्यात सोलायला जायची, बोटं काजूच्या चिकाने काळी पडलेली, सालपटं निघालेली. तिने विचारलं, "तुज्या नावावर कोण होती?"

"मीना."

"माज्या नावावर तिची आत्या होती," आक्का म्हणाली.

आक्काची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. आक्का चौथी पास होती. पहिल्या वर्गात! तसा दाखला होता घरात, पत्र्याच्या पेटीत, आय तो जपून ठेवायची. आक्काला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी आक्काची सोयरीक ठरली होती. मुलगा मुंबईला गोदीत. चांगलं घर. आक्का काही बाजार करायला एकटीच रत्नागिरीला गेली. परत यायला स्टँडवर आली. आमची यष्टी कुठे उभी राहते ते तिला ठाऊक होतं, नेहमी त्याच जागी, वडाच्या बाजूला. त्या दिवशी जागा बदललेली. तिथे दुसरीच गाडी उभी. तिने एका पँटवाल्याला विचारलं, "ही कुठली वो गाडी?" तो म्हणाला, "फळी लावलीय ना एवढी मोठी, वाच की." आजूबाजूची दोन माणसं हसली. आक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने फळीकडे बघून मान हलवली, वाचल्यासारखी, आणि चढली.

ती गाडी लांबच्या पोफळी गावाला जाणारी होती. कंडक्टरने तिकिटाला हात पुढे केला तेव्हा शहर मागे पडलं होतं, आणि पुढचं काय ते तिला कळेना. घाबरून ती बोलेचना, नुसते हातातले पैसे पुढे केले. शेवटच्या थांब्याला उतरली तेव्हा समोर वीजघराची वसाहत, सगळीकडे दिवे, आणि परतीची गाडी सकाळीच. वसाहतीतल्या एका बाईने तिला घरात घेतलं, जेवायला घातलं, सकाळी गाडीत बसवून दिलं. देवमाणूस ती बाई. पण गावात कोण ऐकतो? पोरगी रात्रभर होती कुठे, हाच सवाल. महिनाभरात सोयरीक मोडली. आक्काने कोणाला काही समजावलं नाही. समजावणार तरी काय? चौथी पास पोर, आणि यष्टीची फळी वाचता येत नाही?

त्या दिवशी आक्का माझा हात धरून बसली. बोटांना चिकाचा वास. म्हणाली, "तुजा पण दाखला येईल. पहिल्या वर्गाचा."

भुताची भीती कोणाला वाटते, कोणाला सापाची. मला त्या दाखल्याची भीती वाटायला लागली. एक दिवस तो येणार, माझं नाव लिहिलेला, आणि मग संपलं. मग सरकार म्हणणार, हिला शिकवून झालं.

चौथीचं वर्ष सुरू झालं. मी पडवीत दाराच्या अगदी कडेला बसायला लागले. फळा दिसायचा नाही पण ऐकू यायचं. आतली पोरं कविता घोकायची, मी बाहेर ओठ हलवायचे. सगळ्या कविता तोंडपाठ झाल्या. मोराची, चिमणीची, शेतकऱ्याची. अक्षर एक ओळखता येत नव्हतं. गुरुजींना ते माहीत होतं. एकदा बाहेर येऊन ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "पाठ चांगलं आहे गं तुझं." त्यांचा आवाज मऊ होता. ते घाटावरचे, त्यांची बोली वेगळी, घर-बायको तिकडे. इथे आप्पांच्या वाड्याच्या मागच्या खोलीत राहायचे, आप्पांच्याच घरी जेवायचे. बदली आप्पांच्या हातात. मला त्यांची दया यायची थोडी. थोडीच. ती पिंक माझ्या पायाशी पडली होती.

"गुरुजी, मला आत घ्या," मी म्हणाले.

त्यांनी बंद खोलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत निघून गेले.

कलमांवर आंबे तयार व्हायला लागले आणि गावात कुजबुज सुरू झाली. साहेब येणार. आदल्या संध्याकाळी मुकादम आमच्या दारापुढच्या खळ्यात आला. याआधी तो कधीच आमच्या दारात आला नव्हता. आत यायचा प्रश्नच नव्हता, कडेलाच उभा राहिला. बा लगबगीने पुढे गेला.

"उद्या पोरीला पातेऱ्याला धाड हां. आठवणीनं."

"धाडतो की. दरवर्षी जाते ती," बा म्हणाला.

"गेल्या वर्षी वाट चुकली होती तिची." मुकादम हसला. मग त्याने आमच्या गवताच्या उडवीकडे बघितलं. वर्षभराची गुरांची वैरण ती. तो चालत तिच्याजवळ गेला आणि तिच्यावर हात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवतात तसा. "मोठी रचलीस यंदा. जप हो. दिवस उन्हाचे हायत."

तो गेल्यावर बा कितीतरी वेळ तिथेच उभा. आय म्हणाली, "ऐकलंस ना गो? उद्या बागेतून हलायचा नाय." मी हो म्हणाले. आक्का नुसती माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी गुरुजी पडवीत आले. "पातेरा," म्हणाले. माझ्या नजरेला नजर दिली नाही. पोरं ओरडत पळाली. मीही गेले. हारा भरला. बागेत मुकादम सारखा माझ्या मागे. आंबे उतरवणारे गडी झाडावर, आय खाली पेट्यांत पेंढा पसरत होती. मधूनच ती मान वर करून मी आहे ना ते बघायची. मग जीपचा आवाज आला. मुकादमाला साहेबांसाठी आंब्याची पेटी जीपमध्ये ठेवायला जायचं होतं. त्याने माझ्याकडे एकदा रोखून बघितलं आणि गेला.

मी हारा खाली ठेवला. आयने बघितलं. तिने मान हलवली, नको नको. मी चालायला लागले. तिने हाक मारली नाही. मारली असती तर मी थांबले असते की काय, कोण जाणे.

या वेळी मी खिडकीशी गेले नाही. पुढच्या बाजूने गेले, पडवीच्या पायऱ्या चढले आणि दारात उभी राहिले. आत हजेरी चालली होती. तेच साहेब, तोच सरबताचा पेला. बाजूच्या खुर्चीत आप्पा, पांढऱ्या धोतरात, पंखा हातात घेऊन. गुरुजींची पाठ माझ्याकडे. त्यांनी माझं नाव घेतलं.

"हजर," मीना म्हणाली.

"हजर," मी म्हणाले.

आप्पांच्या हातातला पंखा थांबला. मीनाचा चेहरा लालबुंद झाला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती पटकन खाली बसली. तिला मी दोष देत नाही. तिला जे सांगितलं ते तिने केलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ही कोण?"

आप्पा हसले. "खालच्या वाडीतली आहे हो. जरा वेडसर. जा गो बाय, जा घरी."

"वेडी नाय मी," मी म्हणाले. "हे माजा नाव हाय. ती मीना. तुमची नात."

आता बघा, काय झालं ते. साहेब आप्पांवर भडकतील असं मला वाटलं होतं. कसलं काय! साहेब घाबरले. त्यांनी गेल्या वर्षी मीनाच्या डोक्यावर हात ठेवून शाब्बास म्हटलं होतं, आणि वरती तसंच लिहून पाठवलं असणार. त्यांची मान आप्पांच्या मानेबरोबर अडकली होती. ते एकदा आप्पांकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. मग घाईने म्हणाले, "बरं बरं. काहीतरी गोंधळ झालाय नावांचा. हिचं नाव आहे ना? मग हिलाच वाचू दे. वाचलं की झालं. काय गुरुजी?"

गुरुजी पुस्तक घेऊन माझ्याजवळ आले. त्यांनी पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. पानावर मोराचं चित्र होतं.

ते पान त्यांनी मुद्दाम काढलं होतं. त्यांना माहीत होतं, मोराची कविता मला तोंडपाठ आहे. ते माझ्याकडे वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "म्हण गं पोरी. येते ना तुला? म्हण."

सगळी खोली माझ्या तोंडाकडे बघत होती. साहेबांना वाटत होतं मी म्हणावी. आप्पांना वाटत होतं. गुरुजींच्या तर डोळ्यांत विनवणी होती. आणि मला येत होती हो! सुरुवातीपासून शेवटापर्यंत, चालीसकट. पहिली ओळ जिभेवर आली होती. म्हटली असती तर शाबासकी मिळाली असती, माझ्या डोक्यावर, माझ्या स्वतःच्या. साहेब हात ठेवणार, बाच्या उडवीला कोणी हात लावणार नाही, आणि पेटीत आणखी एक दाखला. पहिल्या वर्गाचा.

मी पानाकडे बघितलं. मोर ओळखता येत होता. त्याच्याखाली काळ्या मुंग्यांच्या रांगा.

आक्काने यष्टीच्या फळीकडे बघून मान हलवली होती, वाचल्यासारखी.

"मला वाचता येत नाय," मी म्हणाले.

"अगं, आठवून बघ—"

"आठवता येता. वाचता येत नाय." मी मोठ्याने बोलले. "आमच्या वाडीत कोणालाच येत नाय. आमाला शिकवलाच नाय. आमी पडवीत बसतो. आमची खोली ती बाजूची, तिच्यात आंबे हायत."

पुस्तक गुरुजींच्या हातातून पडलं. कोणी उचललं नाही.

आप्पा उठले. आवाज चढवला नाही त्यांनी, तसे ते कधीच चढवायचे नाहीत. "बोललीस? झालं? आता जा." आणि साहेबांकडे वळून, "चला, जेवण थंड होतंय."

साहेब उठले. माझ्या बाजूने जाताना क्षणभर थांबले, काहीतरी बोलणार होते. "बघू," एवढंच म्हणाले. बंद खोलीच्या दारावरून गेले. आंब्याचा वास त्यांनाही आला असणार. मान न वळवता पुढे गेले. आंब्याची पेटी जीपमध्ये होती ती तशीच गेली.

शाळेच्या बाबतीत तेवढंच झालं. कोणी आलं नाही, चौकशी नाही, कुलूप निघालं नाही.

आमच्या बाबतीत मात्र बरंच झालं. दुसऱ्या दिवशी मुकादमाने खालच्या वाडीच्या बायांना बागेच्या बेड्यावरून परत पाठवलं. ऐन हंगामात. बागेतून विहिरीकडे जायची आमची पायवाट होती, तिच्यावर काटेरी फांद्यांची झापं पडली. पाण्याला ओढा, आमचा वहाळ, ओलांडून लांबच्या वाटेने जावं लागायचं. शेजारच्या काकी, ज्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं, त्या माझ्याकडे बघून तोंड फिरवायच्या. वाडीतली म्हातारी माणसं आमच्या अंगणात जमली आणि बाला म्हणाली, "पोरीला आवर. जाऊन पाय धर त्यांचे." बा खाली मान घालून ऐकत राहिला.

मग एके दिवशी भर दुपारी आमची उडवी पेटली. चूल थंड, आसपास कोणी नाही, आणि उडवी पेटली. वाडीतली सगळी माणसं धावली, पण पाणी लांब. उभ्या उभ्या राख झाली. गुरं हंबरत होती. आय जमिनीवर बसून छाती पिटत होती. मी रडले नाही. मला भयंकर भीती वाटत होती, आता घर पेटवतील असं वाटत होतं. पण रडू आलं नाही.

संध्याकाळी बा राखेजवळ उभा होता. मला वाटलं आता मारणार. तो म्हणाला, "तू खोटा नाय बोललीस." मग म्हणाला, "पण आता गप ऱ्हा गो. गप ऱ्हा."

"गप कशाला?" आक्का मागून म्हणाली. "मी गप ऱ्हायली. माजा काय झाला?"

बा पायाने राख उकरत राहिला.

एक मे ला निकाल लागला. गुरुजींनी शाळेच्या अंगणात सगळ्यांना उभं केलं. आप्पा खुर्चीत. शेजारी त्यांचे पुतणे मास्तर, तेही आले होते त्या दिवशी, इस्त्रीचे कपडे घालून. गुरुजींनी नावं वाचली. सगळे पास. दरवर्षी सगळेच पास. माझं नाव आलं. पास. गुरुजींनी प्रगतिपुस्तक पुढे केलं. आप्पा माझ्याकडे बघून बारीक हसत होते. मला नीट समजला त्या हसण्याचा अर्थ. पास झालीस. चौथी संपली. आता तुझा या शाळेशी संबंध संपला, जा पातेरा गोळा कर जन्मभर.

मी पुढे गेले. प्रगतिपुस्तक घेतलं नाही.

"गुरुजी, मला नापास करा."

कोणीतरी फिसकन हसलं. गुरुजी गोंधळले. "अगं, पास झालीस तू."

"मी नाय झाली पास. मला काय येत नाय. नापास करा मला. मी परत चौथीत बसणार. आत."

"नापास करता येत नाही असं," गुरुजी पुटपुटले. "वरून विचारतील मला."

"विचारू देत की! तेच पायजे."

आप्पांचं हसू गेलं. पुतणे मास्तर घड्याळ बघायला लागले. प्रगतिपुस्तक गुरुजींच्या हातातच राहिलं आणि मी अंगणातून बाहेर पडले. मागून मुकादम म्हणाला, "अजून अक्कल आली नाय." तो कोणाला म्हणाला ते मला माहीत होतं. मी चालत राहिले.

जूनमध्ये शाळा उघडली. आक्काने त्या दिवशी कारखान्यात खाडा केला. तिने माझे केस विंचरले, माझा हात धरला, आणि लांबच्या वाटेने, वहाळ ओलांडून, मला शाळेपर्यंत आणलं. पडवीत आमच्या वाडीची पोरं बसली होती. मी त्यांच्याजवळ थांबले नाही. उंबरा ओलांडला आणि आत जाऊन चौथीच्या रांगेत फळ्यासमोर बसले. माझ्या बाजूचा पोरगा सरकून लांब झाला. झाला तर झाला, मला बसायला जास्त जागा झाली.

गुरुजी आले. मला बघितलं आणि दारातच थबकले. मग टेबलाशी जाऊन हजेरी घ्यायला लागले. एकेक नाव, एकेक हजर. माझं नाव आलं नाही. येणार नव्हतंच, ते मागच्या वर्षीच्या पानावर पास होऊन गेलं होतं. शेवटचं नाव झालं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी उभी राहिले. "हजर."

"तुझं नाव मी घेतलं नाही."

"म्हाईत हाय."

बाहेर पडवीत पावलं वाजली. मुकादम होता. तो दारात येऊन उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला टेकवून, उजेड अडवून. खोलीत अंधारल्यासारखं झालं. आक्का अंगणात उभी होती, ती त्याच्या काखेखालून मला दिसत होती. ती हलली नाही. गुरुजींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या कपाळावर घाम होता.

मला पळून जावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू? पण मी खाली बसले, मांडी घातली, आणि पाटी मांडीवर घेतली.

"गुरुजी," मी म्हणाले, "शिकवा. येईपर्यंत मी हितून उठणार नाय."